पेटीने जे ऐकलं

३ तारीख, सकाळ.
हॉटेलच्या लॉबीतली नोकरी सोडली. अकरा वर्षं लोक सूप पीत असताना जॅझ वाजवला, बास झालं. आता सोलो पियानो, आणि जोडीला नवा कीबोर्ड. खोलीत वाजलेलं सगळं तो ऐकून ठेवतो आणि पियानोला आपल्या मनाने उत्तर देतो. बायको त्याला 'तुमची पेटी' म्हणते. २८ला कॉन्सर्ट. हॉलच्या मॅनेजरबाईंनी शब्द दिलाय, जमलं तर दर महिन्याला एक. रोज सहा तास प्रॅक्टिस.

४ तारीख.
प्रॅक्टिस उद्यापासून. आज पेटीची जागा ठरवली. पियानोच्या डावीकडे.

५ तारीख.
उजवीकडे.

९ तारीख.
संध्याकाळी बायको याच खोलीत मुलांना पियानो शिकवते. मी तरी किती बोलणार. पेटी दिवसभर चालूच ठेवलीय. रुळू दे घरात.

१२ तारीख.
बायकोची दाढ. चार दिवस तिचा क्लास माझ्या गळ्यात. धडा पहिला: पाच सूर वर, पाच सूर खाली. नऊ मुलं, प्रत्येकाला वाजवून दाखवायचं. कलावंतावर काय वेळ आली. या सगळ्यात प्रॅक्टिस राहिली.

१९ तारीख.
ही बरी झाली. म्हणते, मुलं चौथ्या सुराला अडखळायला लागलीत, काय शिकवलंत? म्हटलं, कान कच्चे आहेत त्यांचे. हिने माझ्या बोटांकडे पाहिलं. तिचं असं बघणं मला आवडत नाही.

२४ तारीख.
प्रॅक्टिस मुद्दाम टाळतोय. जॅझमध्ये ताजेपणा लागतो. ही म्हणाली, निदान एकदा पियानो आणि पेटी एकत्र वाजवून बघा. हिला जॅझ कळत नाही.

२८ तारीख, दुपारी चार.
तिकिटं बरी खपली म्हणे. निम्मी बायकोने मुलांच्या आईवडिलांच्या गळ्यात मारलीत. रसिक घडवावे लागतात.

२९ तारीख.
लिहिणार नव्हतो. काल पियानोवर एक लांब, गंभीर तुकडा वाजवून थांबलो. हॉल शांत. पेटीने उत्तर दिलं. पाच सूर वर, पाच खाली, चौथ्याला अडखळून. मी दुसरं काही वाजवलं. उत्तर तेच. बंद करायचं बटण मागच्या बाजूला, आणि पेटी मीच स्टेजच्या भिंतीला चिकटवून ठेवलेली. चाळीस मिनिटं. तिसऱ्या रांगेतली मुलं मांडीवर बोटं आपटत साथ करत होती. शेवटी मॅनेजरबाई बायकोला म्हणाल्या, मुलांचा वार्षिक कार्यक्रम आमच्याकडेच करा. मला काहीच म्हणाल्या नाहीत.

३० तारीख.
हिला सुनावलं, तुझ्या मुलांनी माझी पेटी बिघडवली. ही म्हणाली, बसा, धडा पहिला वाजवून दाखवा. वाजवला. चौथं बोट अडकलं. पुन्हा वाजवला. पुन्हा अडकलं. सहा वेळा. ही हळू आवाजात म्हणाली, लॉबीत कुणी ऐकत नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. फार वाईट वाटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

३१ तारीख.
पाचच्या बॅचला जागा आहे का, विचारलं. आहे म्हणाली. बोटांची नखं कापून यायचं आहे.