ताईची प्रार्थना, माझं तोंड

३ फेब्रुवारी
ताईला आज घरी आणलं. उजवा हात गेल्यातच जमा. बोलणंही गेलंय, नुसतं "हं" आणि "नाही". डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका होता, शब्द येतील हळूहळू, घाई नको. घाई कुणाला आहे! तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकावर बसून माझी पाठ मोडलीय.

४ फेब्रुवारी
सकाळी तिने डाव्या हाताने प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे ढकललं. मग माझ्या तोंडाकडे बोट. म्हणजे मी वाचायचं! मी! चाळीस वर्षं या बाईच्या प्रार्थनेची टिंगल करत आलो. "देवाला फोन लावलास का? एंगेज असेल." हा माझा ठरलेला विनोद. ती म्हणायची, "तुझा नंबर दिलाय त्याला, सांभाळ!" आणि पुन्हा डोळे मिटायची.
कामाला उशीर होतोय म्हणून सटकलो. उशीर होत नव्हता.

५ फेब्रुवारी
दिवसभर कवळ्या घासल्या. शेजारच्या टेबलावरचा वकील — वकील नाही तो, माझ्यासारखाच दात बनवतो, वाद घालतो म्हणून नाव पडलंय — म्हणाला, "वाचून टाक की! देव असला तर पुण्य, नसला तर तुझं काय गेलं? दोन्ही डगरींवर हात ठेवावा माणसाने."
म्हटलं, "असलाच, तर त्याला एवढंही कळणार नाही? मी खोटे दात बनवतो, खोटं तोंड नाही."
सगळे हसले. मला हसू आलं नाही.

७ फेब्रुवारी
वाचलं. एक पान. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं. एक शब्द चुकला, ताईने गादीवर बोट आपटलं. पुन्हा वाचला, पुन्हा चुकला, पुन्हा बोट! आई गेल्यावर माझा अभ्यास तीच घ्यायची. तेव्हाही सुटका नव्हती.

८ फेब्रुवारी
वाचलं.

१२ फेब्रुवारी
आज वाचत असताना भाची, ताईची लेक, ऑफिसमधून लवकर आली. दारातच थबकली. "मामा, तू? देवाला फोन लावलास का? एंगेज असेल!" माझाच विनोद, माझाच सूर. ताईचे ओठ हलले, काहीतरी जुळवू पाहत होती. जमलं नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं तिने.
भाचीला बाहेर नेलं. "ती उलट बोलू शकेल तेव्हा कर थट्टा. आत्ता नको."
"पण मामा, तूच शिकवलंस ना?"
हो. मीच.

१६ फेब्रुवारी
थकलो. तिची पथ्यं, तिचे कपडे, वर माझं काम. विश्वास बसलाय का? तिळभरही नाही. हॉस्पिटलात तिची शुद्ध हरपली होती तेव्हाही माझे हात खिशातच होते. म्हणजे थट्टा नको, आणि देवाकडे विमा उतरवणंही नको — मग रोज सकाळी मी करतोय काय? विचार करायलाही त्राण नाही. चष्मा लावतो, वाचतो.

२४ फेब्रुवारी
शब्द येतायत! "पाणी." "दार." दुपारी भाचीने दूध उतू घालवलं, तर "मूर्ख!" — अगदी स्वच्छ! भाची रडायलाच लागली, आनंदाने. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आता बोलतं ठेवा त्यांना.

२ मार्च
वाचता वाचता ताईने पानावर हात ठेवला. एकेक शब्द शोधत म्हणाली, "राहू दे... कुणी नाही रे. मी पडले ना... दुपारभर फरशीवर... हाका मारत होते त्याला. कुणी नव्हतं. तूच... खरा."
चाळीस वर्षांचा वाद. जिंकलो मी.
"असं कसं गं, ताई," मी म्हणालो, "तुला ऐकू आलं नसेल."
आणि तिचा हात अलगद बाजूला करून पुढची ओळ वाचायला घेतली.