वाचून दाखवा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली. तू होतीस तोवर मुलुंडच्या त्या कारखान्याबद्दल आपण दोघं कधीच धड बोललो नाही. तू पॅकिंगमध्ये औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायचीस, मी तिथेच स्टोअरमध्ये नवा लागलेलो. ऐंशीच्या दशकातले ते दिवस, आजूबाजूचे कारखाने बंद पडत चाललेले. आपल्या युनियनचा पुढारी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. भाऊ बोलला की आपणही काही विचार करावा असं मला वाटायचंच नाही.

पाळी सुटल्यावर गेटवर मीटिंग होती. भाऊ टेबलावर चढलाय. "कंपनी हलणार ही निव्वळ अफवा आहे. या कागदावर सगळ्यांनी सह्या करा, मालकाला मी बघतो." सह्या गोळा करायचा मान मला मिळालाय, मी छाती काढून फिरतोय. तेवढ्यात मागून तू उठतेस, बोटांना अजून गोंद चिकटलेला. "कागदार काय लिवलाहा तां आधी वाचून दाखवा. मगे मी सही करतंय."

भाऊ हसला. "मावशी, तुमच्याच पोराच्या हातात कागद दिलाय ना! अजून काय पाहिजे?" सगळे हसले. कोणीतरी ओरडलं, "ए, आईला बसव रे तुझ्या!" माझे कान तापले. मी तुझ्याजवळ येऊन पुटपुटलो, "आई, बस ना खाली. वाट लावशील माझी." तू बसलीस, पण सही केली नाहीस. नंतर भाऊने यादी पाहिली. फक्त तुझ्या नावापुढे जागा रिकामी. त्याने तिथे बोट टेकवून कागद माझ्या हातात परत दिला. मी स्टोअरमध्ये गेलो आणि तुझी सही केली. कागद तेव्हाही वाचला नाही.

दोन महिन्यांत गेटला टाळं लागलं. आम्ही राजीखुशीने नोकरी सोडतोय, असं त्या कागदात लिहिलेलं होतं. भाऊ निवडून आला आणि भेटेनासा झाला. तू सही केलीच नव्हतीस, म्हणून मला घेऊन लेबर ऑफिसात गेलीस. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "तुमची नाही म्हणता? मग खोटी सही करणाऱ्यावर केस होईल. नीट बघून सांगा." खोलीला एकच दार, त्यात शिपाई बसलेला. मी त्या दाराकडे बघत राहिलो. तू सही निरखलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझीच आसा."

जिन्यावर एवढंच बोललीस, "तू मॅट्रिक झालस. मगे वाचलंस कित्याक नाय?" मग हात चालेनासे होईपर्यंत तू लोकांच्या घरी पोळ्या लाटल्यास.

मुलगी लहान असताना मी तिला ही गोष्ट सांगितली. आता ती कॉलेजात शिकवते. दर वर्षी नव्या मुलांना सांगते, कुठल्याही पुढाऱ्यामागे डोळे झाकून जाऊ नका, माझ्या बाबांनी भर मीटिंगमध्ये पुढाऱ्याला कागद वाचायला सांगितला होता. काल तिचा फोन आला, "बाबा, या वर्षी तुम्हीच या ना सांगायला." नाही म्हणायला कारण सुचलं नाही, मी हो म्हणून बसलोय. हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत फाडायला हवं.

मी सांगतो त्या गोष्टीत तू कुठेच नाहीस, आई.