चार्जिंगची पूर्वतयारी

१० एप्रिल, सकाळी
श्रावणीनं पुण्याहून ई-रीडर पाठवला. आत तिची पहिली कादंबरी, अजून छापलेली नाही. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही वाचून हो म्हणालात तरच प्रकाशकाकडे देणार, पंचवीस तारखेला येते. ऊर भरून आला. कादंबरीचं नाव वाचतोय तोवर बॅटरी संपली. चार्जिंगला लावायचं, एवढंच की. हायस्कूलमध्ये आयुष्यभर वीज शिकवली आहे.

११ एप्रिल
घाई नको. व्हॉट्सॲपवर बॅटरी फुटल्याचा व्हिडिओ आला. पाहिला. पुन्हा पाहिला. भीती नव्हे, अभ्यास. वैजयंती म्हणाली, अहो, माझ्या मोबाइलच्या चार्जरला लावा की. तिला यंत्राला हात लावायची सक्त मनाई केली. तिला काही झालं तर मी काय करू?

१३ एप्रिल
माहितीपुस्तिका भिंगातून वाचली. पस्तीस अंशांच्या वर चार्ज करू नये. आज सोलापूर त्रेचाळीस! म्हणजे जूनपर्यंत प्रश्नच मिटला. केवढं हायसं वाटलं. वैजयंती म्हणाली, मग कूलरसमोर लावा. हिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

१५ एप्रिल
कूलर म्हणजे पाणी. पाणी अधिक वीज, नकोच. यंत्र फ्रिजमध्ये ठेवलं, वांग्यांशेजारी. बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटला. मलाही. आजचा दिवस पुसण्यात.

१७ एप्रिल, दुपारी
श्रावणीचा फोन. भिंतीतल्या पॉइंटची भीती वाटत असेल तर कॉम्प्युटरला लावा म्हणाली. ‘भीती’ हा शब्द खटकला. तरी लावलं. पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट, यंत्रावर जाड चादर. स्फोट झालाच तर आतल्या आत दबेल. बारीक दिवा लागला. नारिंगी! रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा काळा. झालं, संपलं सगळं! बनियनवरच अंगणात पळालो. शेजारचे रेवणप्पा धावत आले, काय झालं हो सर? वैजयंती आत जाऊन बघून आली. बराच वेळ हात न लावल्यामुळं कॉम्प्युटर झोपला होता म्हणे. यंत्र मात्र चादरीनंच तापलंय, अशी वस्तू झाकतात का, असं रेवणप्पांदेखत बोलली. मी त्यांना मॉक ड्रिल होतं म्हणून सांगितलं. यंत्र कपाटात.

२३ एप्रिल
परवा पोरगी येणार. उद्या नक्की चार्ज करायचं.

२४ एप्रिल
अमावस्या नाही, पण वाऱ्यानं दिवे लुकलुकतायत. अशात कोण लावेल? वाचलंय असं सांगायचं ठरवलं. मुलीचं लिखाण बापाला न वाचताही कळतं.

२५ एप्रिल
श्रावणी आली. पाणीसुद्धा न पिता, बाबा, कशी वाटली? म्हटलं, लई दमदार. राग नाही ना आला? म्हटलं, राग कशाचा! आणि त्यातले बाबा? म्हटलं, हुबेहूब उतरलेत. पोर गळ्यात पडून रडली. तुम्हाला काय वाटेल या धास्तीनं तिला झोप नव्हती म्हणे. लगेच प्रकाशकाला फोन करून होकार कळवला. बापाच्या एका शब्दाची किंमत! वैजयंती मात्र तोंडाला पदर लावून आत गेली.

२६ एप्रिल
वैजयंती तिला एसटीवर सोडायला गेली. जाताना यंत्र हातात दिलं. चालू! दुपारी माझा डोळा लागला की मिक्सरच्या पॉइंटला, मोबाइलच्याच चार्जरनं लावत होती म्हणे. शेंगाचटणी वाटता वाटता कादंबरी दोनदा वाचून झाली. म्हणाली, आता तरी वाचा, आणि बॅटरी संपत आलीय, तेवढी तुम्ही लावा.

पहिलं वाक्य: ‘बाबांच्या पायात रबरी चप्पल दिसली की आम्ही समजायचो, घरात कुठलंतरी बटण दाबायचंय.’

अतिशयोक्ती. असा माणूस असतो का कुठं?

दुसऱ्या पानावर तो नव्या कुकरवर चादर टाकून अंगणात पळतो. हे अख्खं सोलापूर वाचणार. रेवणप्पासुद्धा. आणि मीच हो म्हणून बसलोय.

पानाच्या शेवटी लेक त्याच्यामागं अंगणात येते. हसते की चिडते, ते पुढच्या पानावर. पडदा विझला.

चार्जर समोर आहे. पाट घेतला. चप्पल वैजयंती घालून गेली आहे.