चिंचेखाली अडलेला होकार

माय, कळंबच्या गल्लीतली ती चिंच अजून उभी आहे. उभी म्हणजे कशी, वादळानं घरावर कलंडलेली, बुडातली माती फुटलेली. त्या घरातली माणसं विहारात जाऊन राहिलीत आणि रोज येऊन आमच्या तोंडाकडे बघतात. गल्ली इतकी अरुंद, की क्रेन आत शिरत नाही. म्हणून माझ्या पाठचा आपला धाकटा वर चढून एकेक फांदी कापतो आणि मी ती खालून अलगद उतरवते. तू आण्णांसाठी करायचीस तेच काम. तू गेलीस, पुढं माझा संसार मोडला, मी माहेरी परतले आणि तुझी जागा माझ्या गळ्यात पडली. फक्त तू हातानं दोर धरायचीस, माझ्याकडे हँडलनं दोर गुंडाळणारा विंच आहे.

ढोकीच्या रस्त्यावरचा तो वड मला कालपासून सारखा आठवतोय. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. तू बुंध्याला दोराचे वेढे घालून उभी आहेस, पदर खोचलेला. वरून आण्णा विचारतात, "तोडू का?" खालच्यानं "व्हय" म्हटल्याशिवाय वरच्यानं शेवटचा घाव घालायचा नाही, हा आपल्या घरचा रिवाज. तू दोर चाचपून बघतेस. ते पुन्हा विचारतात. तू म्हणतेस, "न्हाय. उतरा खाली." उतरून त्यांनी चारचौघांत तुला नाही नाही ते ऐकवलं. तू भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून त्यांच्यापुढं ठेवलीस. "आदी जेवा. मेलेलं माणूस जेवत न्हाय." मला हसू आवरेना. ते पण फुरंगटून का होईना, जेवले. ती फांदी खरंच दगा देणार होती का, ते कुणालाच कळलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाजूनं बांधून उतरवली.

विंचला मी उगाच नावं ठेवत नाही. तो बुंध्याला पट्ट्यानं आवळायचा, दोर वरच्या कप्पीतून नेऊन फांदीला बांधायचा, हँडल फिरवून आधी दोर ताठ करायचा आणि मगच तोडायला सांगायचं. मग फांदी झटका न देता दोरावर येते. तुझ्या तळहातांची सालटी निघायची, माझी निघत नाहीत. पण तुला दोरातून लाकूड कळायचं. मला हँडलमधून नुसतं लोखंड कळतं. विंच काही तुटणार नाही गं. पण ज्या खोडाला कप्पी टांगलीय त्याच्यावर फांदीच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, आणि धाकटाही कमरेच्या पट्ट्यानं त्याच खोडाला बांधलेला असतो. चिंच जुनी, आतून कशी आहे कुणाला ठाऊक.

काल सगळ्यात मोठी फांदी होती. धाकट्यानं कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं खोड वाजवून बघितलं. मी दोर ताठ केला. "अक्का, तोडू का?" मी हँडल धरून वर बघितलं. "आगं, दे की व्हय! माणसं बघायलीत."

"न्हाय. उतर."

उतरला तो तणतणतच. "लाकूड निब्बर हाय. खाली हुबं ऱ्हाऊन तुला काय कळायलंय?"

"पोकळ हाय," मी म्हणाले. "आवाज बद्द आला."

घरमालकीण तिथंच मटकन खाली बसली. तिला काय, झाड उतरलं तर घर वाचणार. धाकटा मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या म्या चढणार. तू न्हाय म्हणलीस तर बायकूला विंचवर हुबं करतो." त्या बिचारीनं आजवर विहिरीच्या रहाटापलीकडे काही ओढलेलं नाही.

माय, आवाज बद्द नव्हता आला. चांगला टणक आला होता. मला काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. फक्त तो वर एवढासा दिसला, आणि मी न्हाय म्हणाले. मी व्हय म्हणावं आणि खोड फाटावं, तर मी जगू कशी? आणि न्हाय म्हणावं तर ही चिंच आज ना उद्या त्या बाईच्या घरावर बसणार. तुला नेमकं काय कळायचं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. का तुलाही नुसती भीतीच वाटायची? तसं असेल तर मी काय करू, कुणाला विचारू? आण्णाही गेले, तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही.

सकाळपासून वारं सुटलंय. धाकटा अंगणात विंचचं हँडल शोधतोय. सरपण उपसून झालं, टेम्पोची ताडपत्री झटकून झाली. आत्ताच त्यानं दारातून विचारलं, "अक्का, हँडल बघितलंस का?" मी चुलीपुढून मान न वळवता "न्हाय" म्हणाले.

ते मी मांडीखाली घेऊन बसलेय.