नहरवाडीची पाणचक्की

नहरवाडी (दौलताबाद), ४ एप्रिल १९४९

तीर्थरूप अक्कास आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

सांडू गड्याबरोबर गव्हाचं पीठ पाठवलं आहे. आपल्या पाणचक्कीचं आहे. 'आपल्या' वाचून चमकू नकोस. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत उस्मान चक्कीवाला बायकोला घेऊन गाव सोडून गेला. नहराचं पाणी फुकट वाहत होतं. मी कुलूप तोडलं आणि चक्की चालू केली. त्याच्या राहत्या खोलीत आता बैल बांधतो. पाणी पडलं की खालचं चाक गरगरतं, वरचा दगड फिरतो आणि पीठ कसं थंडगार येतं. इंजिनचं पीठ करपल्यासारखं लागतं, ही तुझीच तक्रार ना? दाजींना सांग, मेहुणा चक्कीवाला झाला.

माया आहेच, ती वाढावी.
आप्पासाहेब


वैजापूर, २ मे

चि. आप्पास आशीर्वाद.

पोळ्या केल्या. तुझ्या दाजींनी वाखाणल्याही. मग गेल्या आठवड्यात लासूर स्टेशनला मामेसासूकडे गेले. मागच्या पडवीत एक बाई लोकांचं दळण जात्यावर दळत होती. तोंड वर केलं तर उस्मानची रहिमाबी. हाताला फोड. तिनंच माझी विचारपूस केली, तुझ्या मुलांचीसुद्धा. मग हळूच सांगितलं, की दिवाळीनंतर उस्मान परत आला होता. तू चक्कीच्या दारात काठी घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, राज्य बदललं, चालता हो. सारा गाव बघत होता.

आणि मला लिहितोस, तो सोडून गेला.

घरी येऊन मी ओकले. उरलेलं पीठ म्हशीपुढं टाकलं. तुझी किळस येते, हे सरळ लिहवतं, याचंच वाईट वाटतं. चक्की ज्याची त्याला दे.

अजून तरी तुझी बहीण,
लक्ष्मी


नहरवाडी, ११ मे

तीर्थरूप अक्कास सा. न.

तू उगाच भडकलीस. त्या दिवसांत कुणी काय उचललं नाही? एकानं मळा दाबला, एकानं दारं-चौकटी नेल्या. मी निदान चक्की जिती ठेवली. रझाकारांनी आपल्याला काय कमी छळलं? तरी तुझ्या शब्दाखातर उस्मानला ये म्हणावं. मजुरीवर ठेवतो. खोली मात्र मिळणार नाही, नहरापलीकडं खोपट घालावं. याहून मोठं मन कोण दाखवील?

राग सोडावा, ही विनंती.
आप्पासाहेब


वैजापूर, १८ मे

आप्पास,

तुझं मोठं मन वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. रझाकारांनी छळलं, खरं आहे. आपली कडब्याची गंजी त्यांनी पेटवली तेव्हा पाणी घेऊन पहिला उस्मान धावला, हेही खरं आहे.

सोमवारी दोघांना घेऊन येते. तुझे दाजी नको म्हणत होते. मी म्हटलं, घाण माझ्या माहेरची आहे, मीच काढीन. तू खुशाल काठी घेऊन दारात उभा राहा. पहिली माझ्यावर चालव.

लक्ष्मी


नहरवाडी, ३ जुलै

तीर्थरूप वन्संना चतुराचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्षर गुरुजींच्या द्वारकाबाईचं आहे, बोल माझे आहेत.

तुम्ही आलात त्या दिवशी हे काठी घेऊन निघाले खरे, पण तुम्हाला पायरीवर बसलेलं पाहून परत फिरले आणि रानात जाऊन बसले. तुम्ही गेल्यावर घरी आले. बैल मीच सोडून आणले. खोली शेणानं भरली होती. रहिमाबी आणि मी मिळून धुतली.

चक्की चालू आहे. गाव दळण घेऊन जातो, कुणी मागचं काढत नाही. काल आमचं दळण घेऊन हे स्वतः गेले. लई दिवसांनी. उस्मानभाईंनी ह्यांच्या हातून गोणी घेतली नाही. खाली ठेवा म्हणाले. हे मागं सरल्यावर उचलली, चांगलं बारीक दळून दिलं आणि पुन्हा पायरीवर ठेवून आत गेले.

हे म्हणतात, मी काय अस्पृश्य आहे का? मी गोणी तेवढी घरात घेतली.

पायांशी जागा असू द्यावी.
चतुराबाई