गॅलरीतली कबुतरे

तीर्थरूप बाबा,

कॅनडातल्या सस्काटूनहून अनुयाचा नमस्कार. तुमच्या फुप्फुसांचा स्कॅन पाहिल्यापासून एका जागी बसवत नाही. दारातला बर्फ फावड्याने दोनदा उपसला. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते, तेव्हा तुम्हालाही नीट समजावते.

इजा झाली, की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. टीजीएफ-बीटा हा त्यांतला मुख्य. तो मिळताच दुरुस्तीच्या पेशी चिवट तंतू विणू लागतात. किती सुंदर व्यवस्था! जखम भरली, की निरोप थांबतो आणि विणकामही. तुमच्या फुप्फुसांत मात्र कबुतरांच्या पिसांची, विष्ठेची धूळ रोज नवी इजा करते. निरोप थांबतच नाही आणि श्वासाची जागा व्रण व्यापत जातो. झालेला व्रण बहुधा पुसता येणार नाही, वाढणारा कदाचित रोखता येईल. त्यासाठी गॅलरीत कबुतरांना दाणे घालणे आजच थांबवायला हवे.

काल फोनवर मी एवढेच म्हणाले, तर तुम्ही हसलात. "अगं, तुझी आई गेल्यापासून हाक मारली की येणारं दुसरं आहे कोण इथे?"

तुमच्या हाकेला पेशींचा हा धडा ओ देणार नाही. म्हणून हे पत्र धाडत नाही. तुमच्याकडे यायचे तिकीट काढले आहे. दाण्यांचा डबा मी उचलून ठेवीन; सकाळी तुम्ही मला हाक मारा.

तुमची,
अनुया