जपानी स्नेअरचे आटे

सोमवार, ४ मार्च

आणखी एक नट गेला!

आम्ही घड्याळ म्हणतो त्या वादकाच्या स्नेअरचा, म्हणजे तळाला तारा असलेल्या ड्रमाचा. कातडं ताणणारा रॉड आत जातो, चावी फिरते, आणि मग नुसती फिरतच राहते — धरतच नाही. टॉर्च लावून बघितलं. आतल्या पितळी नटाचे आटे साफ घासलेले, खाली पितळेचा भुगा.

काका काउंटरवरूनच, दोन गिऱ्हाइकांसमोर: "हात आहे का हातोडा?"

दोघं हसले. मीही हसले. मी का हसले?

शनिवारी सगळे रॉड मी बोटांनी फिरवून बघितले होते. एकही अडत नव्हता. बघितले होते ना? आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मंगळवार, ५ मार्च

या वर्षातला हा तिसरा ड्रम. तिन्ही जुने, तिन्ही जपानी, तिन्ही माझ्या टेबलावरचे. काका म्हणतात त्यात खोट काढायला जागाच नाही.

आज ते गंभीरपणे बोलले. चेष्टा करत होते तेच बरं होतं.

"अजून एक गेला तर टेबल सोड. फोन घे, पावत्या फाड. दुकानाचं नाव आहे बाजारात."

दुकानाचं नाव आहे. माझं काय आहे? एवढं एक टेबल आहे. शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी मी या टेबलाखाली बसून आटे ओळखायला शिकले. काकांनीच शिकवलं. दोन रॉड हातात द्यायचे, डोळे मिटायला लावायचे — "सख्खे आहेत का चुलत, सांग." चुलत ओळखला की पाठीवर थाप. त्या थापेसाठी मी दिवसभर बसायची.

जुन्या जपानी ड्रमात तेच तर मुख्य. एका कारखान्याचे आटे दुसऱ्याला जुळतील याची खात्री नाही. बरणीतले सुटे रॉड डोळ्यांना सगळे सारखेच. चुकीचा रॉड घातला तर दुसऱ्या वेढ्यालाच अडतो, पण हे फक्त बोटाला कळतं. चावीला कळत नाही. चावी नटाला चावून आत जाते. म्हणून आमच्या दुकानाचा नियम: आधी बोट, मग चावी. हा नियम मोडण्याइतकी मी मूर्ख आहे का?

असेनही.

गुरुवार, ७ मार्च

नवा नट बसवला. भंगारातल्या एका जपानी ड्रमाच्या कवचातून काढला, आटे तंतोतंत जुळले. निदान एक गोष्ट नशिबाने दिली.

मग बाकीचं दुखणं. वाजवता वाजवता तळाच्या तारा सुटतात आणि ड्रम रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागतो, ही घड्याळची मूळ तक्रार. तारा वर ओढून धरणारा खटका झिजलाय. दात गुळगुळीत, जोराचा ठोका बसला की घसरतो. नवा खटका बसवायचा तर कवचाला नवीन भोकं पाडावी लागतील. ते पाप मी करणार नाही. दाताच्या मागे पितळेची पातळ पट्टी घातली, स्प्रिंग थोडी ताणली. आता धरतोय. तारांची दोरी कुजली होती, तिथे फीत घातली. नटांच्या घरांतल्या स्प्रिंगा खुळखुळत होत्या, त्यांच्याभोवती लोकर गुंडाळली.

शेवटी वाजवून बघितला. कोरडा, नेटका आवाज. माझ्यापेक्षा वयाने मोठा ड्रम, अंगावरचा पांढरा मुलामा चहासारखा पिवळा पडलेला, आणि आवाज असा! क्षणभर वाटलं, नसेल माझा हात एवढा वाईट.

कवच पुसायचं राहिलं म्हणून कातडं धरणारं वरचं कडं पुन्हा काढलं. सगळे रॉड कापडावर ओळीने मांडून आले, प्रत्येक आपापल्या नटासमोर. उद्या मीच बसवणार.

शुक्रवार, ८ मार्च

गेले तर कडं बसवलेलं! रॉड आत. कापड घडी करून ठेवलेलं.

"काका, हे कोणी बसवलं?"

"कोणी म्हणजे? काल तूच बसवून गेलीस ना?"

इतक्या सहज म्हणाले की मी खरंच विचारात पडले. मी बसवलं? कापड मी घडी केलं? घरी आईला विचारलं, मी काल किती वाजता आले? आई म्हणाली, "काका बोलले तर ऐकून घ्यावं, तुझ्या भल्याचंच सांगतात." मी काय विचारलं आणि ती काय बोलली!

रॉड तपासले. दोन जड जाताहेत. उलटे फिरवायचा धीर झाला नाही. भुगा पडला तर?

शनिवार, ९ मार्च

धीर केला. भुगा पडला.

दोन्ही रॉड आमच्या बरणीतले. चुलत. या ड्रमाचे सख्खे दोन रॉड टेबलाखाली, धुळीत सापडले.

म्हणजे कोणीतरी ते पाडले आणि बरणीतून दुसरे घेतले. मी पाडले असते तर मला आवाज आला असता. मला नेहमी येतो.

सोमवार, ११ मार्च

आज सगळं बघितलं. नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दोन नट जुळवायला लेथवाल्याकडे गेले होते. परत आले तर दाराच्या काचेतून काका माझ्या टेबलाशी पाठमोरे दिसले. दुसराच एक ड्रम होता पुढ्यात. त्यांनी रॉड उचलला. सुटला. परत उचलला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा मुठीत धरून नटाच्या तोंडाशी टेकवला आणि थेट चावी लावली. बोटाने एक वेढाही दिला नाही!

काकांनी! ज्यांनी या एका चुकीसाठी लहानपणी माझ्या हातावर चावी मारली होती!

मी दार ढकलायला हात लावला. आज सगळं बोलून टाकायचं. हात आहे का हातोडा, टेबल सोड, पावत्या फाड — एकेक शब्द परत करायचा.

तेवढ्यात ड्रमाच्या पांढऱ्या अंगावर लाल डाग दिसला. मग दुसरा. काका ड्रम फिरवून बघत होते, फडक्याने पुसत होते, परत बघत होते. रक्त कुठून येतंय ते शोधत होते. त्यांच्याच अंगठ्यातून येत होतं. कड्याच्या धारेने चांगला कापला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मी आवाज न करता मागे फिरले. टायरवाल्याच्या पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने मोठ्याने खोकत आत गेले. अंगठा खिशात होता.

"लेथवाल्याने तुला दत्तक घेतलं का काय?" म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च

बोटं गेली आहेत त्यांची. बोटांतली जाण. किती दिवसांपासून, कोण जाणे.

पण मग शुक्रवारी मला "तूच बसवून गेलीस" म्हणाले ते? ते बोटांनी नाही म्हटलं. ते तोंडाने म्हटलं.

घड्याळ उद्या येणार. त्याचं नाव घड्याळ, कारण ताल कधी चुकत नाही. दुकानात मात्र सांगितलेल्या दिवशी एकदाही आलेला नाही. उद्याही येऊ नये.

बुधवार, १३ मार्च

नेमका आजच वेळेवर आला!

शनिवारी त्याचं ध्वनिमुद्रण. ड्रम तयार आहे, तीन नट बदललेले आहेत हे त्याला सांगावंच लागलं. जुन्या ड्रमात मूळ नट नाहीत ही गोष्ट मालकापासून लपवायची नसते. त्याने ड्रम उलटा केला, बोटाने रॉड फिरवून बघितले, आणि वर बघितलं.

"तीन? आणला तेव्हा सगळे ठणठणीत होते. कोणी केलं हे?"

  मी तयारीने गेले होते. सख्खे दोन रॉड फडक्यात बांधून खिशात घेतले होते. टेबलावर ठेवले असते आणि म्हटलं असतं, काका, डोळे मिटा आणि ओळखा. बस्स.

मग काका म्हणाले, "पोर आहे अजून. हात बसायचाय तिचा."

घड्याळने माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला विचारलंच त्याने. काकांचा अंगठा चिकटपट्टीत होता. काउंटरच्या कडेला हात टेकून उभे होते, पण कडा पकडलेली नव्हती. पकडली की नाही हे त्यांना कळत नसणार. मी खरं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि उद्यापासून त्या दारातून एकही ड्रम आत आला नसता. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही.

"हो. माझ्याच हातून झालं," मी म्हटलं.

"माझा ड्रम यापुढे हिच्या टेबलावर नको," घड्याळ काकांना म्हणाला. मला नाही. माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वाजवून बघितला. खटका घसरला नाही. आवाज चांगला आहे, म्हणाला — काकांना.

दुकान बंद होईपर्यंत वाट बघितली. एक शब्द. "पोरी" म्हटलं असतं तरी चाललं असतं. काकांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "उद्यापासून फोन तू घे."

गुरुवार, १४ मार्च

फोन घेतले. पावत्या फाडल्या. एक गिऱ्हाईक: "तुमच्याकडे ती मुलगी होती ना, ती अजून काम करते का?" मी म्हटलं, नाही.

माझं टेबल काकांनी खिडकीपाशी ओढून घेतलंय.

तरी मनात एक आहे. जे केलं ते बरोबर केलं. त्यांना लाज वाटत असणार, म्हणूनच बोलत नाहीत. स्वतःलाही अजून कबूल करवलं नसेल. माणूस घाबरतो. कोणीतरी हात धरून डॉक्टरकडे न्यायला हवं. काकूला सांगते. हळूच, तिला धक्का बसणार नाही असं.

शुक्रवार, १५ मार्च

काकू चहा गाळत होती. मी काकांच्या बोटांचं सांगितलं, तिने गाळणं खाली ठेवलंसुद्धा नाही. "अगं, जाऊन आलो की डॉक्टरकडे. मागच्या उन्हाळ्यातच. बोटं परत यायची नाहीत म्हणाले. तेव्हाच आमचं ठरलं, काही बिघडलं तर तुझं नाव सांगायचं. तू घरातली. तुला लोक समजून घेतात."

मागच्या उन्हाळ्यात तर अजून एकही नट गेला नव्हता.